चैत्र आपला, चित्तिरै त्यांचा: तमिळ घरात सोयरीक जुळली की वसंतातले दिवस कसे बघायचे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलाचं लग्न चेन्नईच्या तमिळ घरात ठरलंय, २०२६ च्या उन्हाळ्यात उरकायचंय. तुम्ही पाडवा सुचवला तर व्याही म्हणाले पंगुनी महिना आहे, नको. अक्षय्य तृतीया सुचवली तर म्हणाले करिनाळ, म्हणजे त्यांच्याकडची वर्ज्य तारीख आहे. मग त्यांनीच त्यांच्या वैगासी महिन्यातली तारीख काढली तर तुमच्या गुरुजींनी अधिक मास म्हणून हात जोडले. आणि आता दोन्ही घरांना वाटायला लागलंय की समोरचा मुद्दाम आढेवेढे घेतोय.

कोणी आढेवेढे घेत नाहीये हो. मी चेन्नईत राहून दोन्हीकडची लग्नकार्यं लावतो, हा पेच दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतोच, फक्त तारखा बदलतात.

मुळात आपला महिना चंद्राचा आणि त्यांचा सूर्याचा. आपल्याकडे अमावास्या झाली की महिना बदलला, त्यांच्याकडे सूर्याने रास बदलली की महिना बदलतो. सूर्य कुंभेत म्हणजे मासी, मीनेत म्हणजे पंगुनी, मेषेत आला की चित्तिरै, वृषभेत गेला की वैगासी. आपण सण म्हणून एकच संक्रांत पाळतो, मकर, त्यांना मात्र बाराही संक्रांती लागतात कारण महिन्याची पहिली तारीखच त्यावर ठरते. आणि सणाचा दिवस काढताना ते तिथीपेक्षा नक्षत्राला जास्त धरून असतात. मासीतलं मघा नक्षत्र म्हणजे मासी मगम, पंगुनीतलं उत्तरा फाल्गुनी म्हणजे पंगुनी उत्तिरम, वैगासीतलं विशाखा म्हणजे वैगासी विसागम. महिना सूर्याचा, दिवस नक्षत्राचा, एवढं डोक्यात बसलं की त्यांचं अर्धं पंचांग उलगडतं.

आता पुत्तांडु, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, चित्तिरै १. हे जवळजवळ कायम १४ एप्रिललाच येतं आणि आपला पाडवा मात्र मार्च-एप्रिलमध्ये हिंडत असतो, २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च. त्यांचा नियम सोपा आहे, संक्रांत सूर्यास्ताच्या आत लागली तर तोच दिवस १ तारीख, सूर्यास्तानंतर लागली तर दुसरा दिवस. केरळात हीच सीमारेषा दुपारी साधारण सव्वाची धरतात, म्हणून २०२३ ला मेष संक्रांत १४ एप्रिलला दुपारी तीनच्या सुमाराला लागली तेव्हा तमिळनाडूत १४ लाच वर्ष सुरू झालं आणि केरळात विषू १५ ला झाली. एकच आकाश, एकच सूर्य, पण सीमेच्या अलीकडे पलीकडे सण एका दिवसाने वेगळा. त्यामुळे नेटवर कुठली तारीख दिसली तर ती कुणाच्या नियमाने काढलीये ते आधी बघा.

मध्यंतरी यावर राजकारणपण झालं. २००८ मध्ये करुणानिधींच्या सरकारने कायदा करून नवीन वर्ष तै महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे पोंगलला नेलं, २०११ मध्ये जयललितांनी तो कायदा रद्द करून परत चित्तिरैला आणलं. हा विषय व्याह्यांच्या जेवणाच्या पानावर काढू नका, इतकंच सांगतो.

पुत्तांडुला घरात जाऊन बघितलंत तर परकं काही वाटणार नाही. दारात मोठं कोलम म्हणजे रांगोळी, पूजेला नवीन पंचांग ठेवून ते वाचायचं (आपल्याकडेही पाडव्याला संवत्सरफल ऐकायची पद्धत आहेच), बऱ्याच भागात आदल्या रात्री ताटात आरसा, सोनं, फळं, फुलं, तांदूळ असं मांडून सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं तेच बघायचं. आणि जेवणात मांगा पच्चडी. कैरी, गूळ, मीठ, लाल मिरचीची फोडणी आणि वरून तुपात परतलेली कडुलिंबाची फुलं. आपण पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं गूळ-जिऱ्याबरोबर चावतो, ते एप्रिलच्या मध्याला झाडाखाली पडलेला फुलोरा वेचून वाळवून ठेवतात आणि वर्षभर रसममध्ये घालतात. खरं सांगू का, त्यांची कडू चव आपल्यापेक्षा चांगली लागते. अजून एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते, संवत्सराचं नाव दोन्हीकडे एकच असतं. २०२६ च्या पाडव्याला आपल्याकडे पराभव संवत्सर सुरू, त्यांच्याकडे १४ एप्रिलपासून तेच पराभव. साठ नावांचं चक्र सारखंच, फक्त सुरुवात काही दिवस ते चार आठवडे मागेपुढे. तंजावरला व्यंकोजीराजांबरोबर गेलेली मराठी घरं तर पाडवा चांद्रमानाने करतात आणि आजूबाजूचा सगळा व्यवहार तमिळ तारखांचा, त्यांना हे दोन्ही सांभाळायची पिढ्यान् पिढ्या सवय आहे.

आता पंगुनीकडे येतो कारण तुमचं पहिलं गाडं तिथेच अडकलं. १५ मार्च ते १३ एप्रिल २०२६ हा पंगुनी, आणि बरीच तमिळ घरं यात लग्न करत नाहीत. आडी, पुरट्टासी, मार्गळी आणि पंगुनी, हे चार महिने साधारण वगळलेले असतात. कारण विचारलंत तर प्रत्येक जण वेगळं सांगेल. गंमत अशी की माणसांची लग्नं ज्या महिन्यात नकोत त्याच महिन्यात देवांची सगळी लग्नं लागतात. पंगुनी उत्तिरमला कांचीपुरमच्या एकांबरेश्वर देवळात शिवपार्वतीचं, श्रीविल्लिपुत्तूरला आंडाळचं रंगमन्नारशी, तिरुप्परंकुंड्रमला याच पंगुनीच्या उत्सवात मुरुगनचं देवयानीशी. पळणीला तर त्या दिवशी कावडी घेऊन आलेल्यांची रीघ असते, कोडुमुडीहून कावेरीचं पाणी कावडीत भरून अनवाणी चालत येतात लोक. चेन्नईत असाल तर मैलापूरच्या कपालीश्वराचा दहा दिवसांचा उत्सव बघा, सातव्या दिवशी रथ आणि आठव्या दिवशी ६३ नायन्मार संतांच्या मूर्ती पालख्यांतून निघतात, आख्ख्या मैलापुरात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि दर कोपऱ्यावर कोणीतरी ताक नि जेवण वाटत असतं. आपल्या वारीला गेलेल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं.

पण माझं सगळ्यात आवडतं श्रीरंगमचं. उत्सवात रंगनाथ उरैयूरला जाऊन तिथल्या कमलवल्लीशी लग्नाचा सोहळा करून परत येतात, आणि इकडे त्यांची पत्नी रंगनायकी त्यांच्या तोंडावर दार लावून घेते. मग देव दारात उभे, आतून फुलं आणि लोणी फेकून मारतात, बाहेरून देवाच्या वतीने विनवण्या, आतून देवीच्या वतीने टोमणे, हे सगळं दोन्हीकडचे पुजारी म्हणतात, आणि शेवटी वैष्णव संत नम्माळ्वार मध्यस्थी करतात. मग त्या पंगुनी उत्तिरमला दोघं एका आसनावर बसतात, वर्षातून तो एकच दिवस. रुक्मिणी रुसून वेगळ्या देवळात बसलेली आपल्याला पंढरपुरात माहीतच आहे, त्यामुळे मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

पंगुनी उत्तिरमची तारीख मात्र आपल्या लोकांना फसवते. फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास उत्तरा फाल्गुनी असतं म्हणून आपण धरून चालतो की होळीला येईल. २०२४ मध्ये ते होळी-धुळवडीच्या सुमारास आलंही. पण २०२५ ला होळी झाली १३ मार्चला, तेव्हा सूर्य अजून कुंभेत, म्हणजे त्यांचा मासीच चालू, म्हणून पंगुनी उत्तिरम गेलं थेट ११ एप्रिलला, आपल्या हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी. २०२६ ला १ एप्रिल, परत हनुमान जयंतीच्या आदल्याच दिवशी.

मासी आणि पंगुनीच्या सांध्यावर अजून एक व्रत आहे आणि ते तुमच्या घरात येणार आहे, म्हणून जरा नीट सांगतो. कारडैयान नोंबु. कथा सावित्रीचीच, आपली वटपौर्णिमा. हे मुख्यतः तमिळ ब्राह्मण घरात होतं, तुमचे व्याही त्यातलेच आहेत असं तुम्ही लिहिलंय. यात वड नाही, तर ज्या क्षणी सूर्य कुंभेतून मीनेत जातो त्या क्षणाच्या जरा आधी पूजा करून गळ्यात हळदीचा पिवळा दोरा बांधायचा. मासी संपायच्या आत बांधला पाहिजे, कारण म्हणच आहे की मासीचा दोरा शेवाळं धरेपर्यंत टिकतो. नैवेद्य म्हणजे अडै, भाजलेल्या तांदळाच्या पिठात चवळी घालून वाफवलेले, एक गुळाचे नि एक मिरचीचे, मध्ये बोटाने भोक, आणि केळीच्या पानावर त्याच्या शेजारी लोण्याचा गोळा. न वितळलेलं लोणी आणि अडै तुला वाहिलं, नवऱ्याची माझी कधी ताटातूट होऊ देऊ नकोस, असं म्हणायचं. पूजा होईपर्यंत उपास.

आता संक्रांत दर वर्षी साधारण सहा तास नऊ मिनिटं पुढे सरकते. २०२५ ला ती १४ मार्चला संध्याकाळी सातच्या जरा आधी होती, २०२६ ला १५ मार्चला मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास. म्हणजे बायका रात्री बारा वाजता स्वयंपाकघरात कुकरमध्ये अडै वाफवतायत, छोट्या मुली डोळे चोळत ओळीने पाटावर बसल्यात, आणि आजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सगळ्यांना घाई करतेय, असा तो सीन असतो. तुमच्या सुनेचा लग्नानंतरचा पहिला नोंबु मार्च २०२७ ला, १५ तारखेला सकाळी सातच्या आसपास, तेव्हा तसा सुटसुटीत आहे. ती जूनमध्ये वटपौर्णिमापण करेल की नाही हे तिचं तिला ठरवू द्या.

पाडव्याला त्यांचा नकार पंगुनीमुळे होता, पण समजा महिना चांगला असता तरी आलाच असता. तमिळ लोक प्रतिपदा टाळतात, प्रथमै म्हणतात तिला. प्रतिपदा, अष्टमी, नवमी या तीन तिथ्यांना नवीन काही सुरू करत नाहीत, मग ती नवमी रामाची असली तरी. म्हणजे आपला साडेतीन मुहूर्तांतला पहिलाच त्यांच्या यादीत बाद. आणि उलटं बघा, आपण अमावास्येला घराबाहेर पाऊल टाकताना विचार करतो, ते अमावास्येला नवीन गाडी आणतात, दुकान उघडतात, भरलेला दिवस मानतात. यात कोण बरोबर हा वाद घालण्यात काही हशील नाही, दोघांच्या यादीत न अडकलेला दिवस शोधायचा.

अक्षय्य तृतीयेचं तर अगदी चपखल उदाहरण मिळालंय तुम्हाला. करिनाळ म्हणजे प्रत्येक सौर महिन्यातल्या काही ठरलेल्या तारखा, त्या दरवर्षी त्याच असतात, नक्षत्र-तिथी काही बघायचं नाही. पंगुनीत ६, १५ आणि १९. चित्तिरैमध्ये ६ आणि १५. वैगासीत ७, १६, १७. आता २०२६ मध्ये चित्तिरै १ म्हणजे १४ एप्रिल, तर चित्तिरै ६ आली १९ एप्रिलला, आणि त्याच दिवशी सकाळी तृतीया लागते. सोन्याच्या दुकानात रांगा लागणारच तिथे, सोनं घ्यायला कोणी करिनाळ बघत नाही, पण लग्न म्हटलं की घरातलं कोणीतरी कॅलेंडरवर बोट ठेवतं.

त्या कॅलेंडरबद्दल सांगितलंच पाहिजे. तमिळ घरात रोज एक पान फाडायचं जाड कॅलेंडर असतं, बहुतेक शिवकाशीला छापलेलं, किराणावाल्याने नाहीतर सोनाराने दिलेलं, वर मुरुगन नाहीतर लक्ष्मीचं चित्र. एका पानावर इंग्रजी तारीख, तमिळ संवत्सर-महिना-तारीख, तिथी किती वाजेपर्यंत, नक्षत्र, योग, राहुकाळ, यमगंडम (राहुकाळासारखीच दीड तासाची वर्ज्य वेळ), कुळिगै, नल्ल नेरम म्हणजे चांगली वेळ, कुठल्या नक्षत्राच्या माणसाला आज चंद्र आठव्या राशीत, म्हणजे त्याने दिवस जपून घालवायचा, आणि आज कुठल्या दिशेला प्रवास नको, जायचंच असेल तर गूळ खाऊन निघा नाहीतर दही खाऊन निघा. त्यातच मेल नोक्कु नाळ, कीळ नोक्कु नाळ, सम नोक्कु नाळ असं छापलेलं असतं, म्हणजे त्या दिवसाचं नक्षत्र वर बघणारं, खाली बघणारं की समोर बघणारं. रोहिणी, पुष्य, तिन्ही उत्तरा वर बघणारी, घर बांधायला घ्या. भरणी, कृत्तिका, मघा खाली बघणारी, विहीर खणा. कुळिगैचं पण मजेशीर, त्या दीड तासात केलेलं परत घडतं असं मानतात, म्हणून सोनं घ्यायला उत्तम आणि लग्नाला अजिबात नाही.

चित्तिरैचा खरा सोहळा मदुरैला. मीनाक्षीचा राज्याभिषेक, दिग्विजय, मग सुंदरेश्वराशी म्हणजे शिवाशी लग्न आणि दुसऱ्या दिवशी रथ. लग्नाच्या त्या मुहूर्ताला देवळात आणि घराघरात बायका आपल्या मंगळसूत्राचा दोरा बदलतात. आणि तिचा भाऊ अळगर, म्हणजे विष्णू, डोंगरावरच्या देवळातून निघतो, चित्रा पौर्णिमेला पहाटे सोन्याच्या घोड्यावर बसून वैगै नदीत उतरतो. लोक सांगतात भावाला उशीर झाला, लग्न लागून गेलं, म्हणून रागाने तो नदीतूनच परत फिरला. जाणकार सांगतात की हे दोन उत्सव मुळात वेगवेगळे होते, सतराव्या शतकात तिरुमल नायक राजाने मीनाक्षीचा उत्सव चित्तिरैमध्ये आणून दोन्ही एकत्र केले, शैव-वैष्णव एका गर्दीत आले. अळगरने कुठल्या रंगाचं रेशीम नेसलंय यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं, हिरवं असेल तर सगळे खूष. २०२५ ला ही पौर्णिमा १२ मेला होती, २०२६ ला १ मे. आपल्या पंचांगात ती वैशाखी, बुद्ध पौर्णिमा. त्या दिवसांत मदुरैला वऱ्हाड उतरवायचा विचार असेल तर सोडून द्या, हॉटेलची रूम मिळणार नाही.

मेमध्ये अग्नि नक्षत्रम लागतं, साधारण ४ मे ते २८ मे, सूर्य भरणीच्या शेवटी, कृत्तिकेत आणि रोहिणीच्या सुरुवातीला असतो तेव्हा. ऊन एवढं की टीव्हीवर कत्तिरी (याचंच दुसरं नाव) सुरू झाली म्हणून बातमी येते. यात घराचा पाया, विहीर, झाड तोडणं, वास्तू हे टाळतात, लग्नाला मात्र बहुतेकांची हरकत नसते. तुमच्याकडच्या सत्तरीच्या मंडळींची असायला हवी पण.

आता वैगासी. १५ मे ते १४ जून २०२६, त्यांचा लग्नांचा एकदम हक्काचा महिना. आणि आपला अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. म्हणजे त्यांचा दरवाजा उघडतो तेव्हा आपला बंद. सूर्याच्या महिन्यांना अधिक महिना लागतच नाही, त्यामुळे त्यांच्या पंचांगात तो या रूपात दिसत नाही. पण एका सौर महिन्यात दोन अमावास्या आल्या तर त्याला मलमास म्हणणारी घरं तिकडेही आहेत, आणि या वैगासीत १६ मे आणि १४ जून अशा दोन अमावास्या आहेतच. तेव्हा हा मुद्दा व्याह्यांच्या वाध्यारांसमोर, म्हणजे त्यांच्या गुरुजींसमोर, असा ठेवा, अधिक मास म्हणून नको, दोन अमावास्या म्हणून. त्यांच्या भाषेत सांगितलं की लगेच पटतं.

मग उरतो काय, तर चित्तिरैचा शुक्ल पक्ष. वळर्पिरै मुहूर्त त्यांना हवाच असतो, वाढत्या चंद्राचा. आपलाही वैशाख शुद्ध. १९ आणि २८ एप्रिल करिनाळ म्हणून काढा, मंगळवार ते घेत नाहीत, शनिवार बरेच जण टाळतात, अष्टमी-नवमी काढा. २० ते ३० एप्रिलमध्ये जे मोजके दिवस उरतात त्यातून मुलामुलीची नक्षत्रं बघून दोन निवडा आणि दोन्ही त्यांना पाठवा. एकच पाठवू नका, नाही म्हणायला पर्याय राहत नाही आणि मग माणसं हट्टाला पेटतात.

पाठवण्याआधी एक गोष्ट विचारा, घरात पंचांग वाक्य आहे की तिरुकणित. वाक्य म्हणजे जुन्या श्लोकांच्या गणिताचं, बहुतेक मोठी देवळं त्यावर चालतात, मुखपृष्ठावर सापाचं चित्र असलेलं पांबु पंचांग त्यातलंच. तिरुकणित म्हणजे दृक्, प्रत्यक्ष ग्रह दिसतो तसं. तिथी-नक्षत्रात काही तासांचा फरक पडतो, आणि शनीसारख्या संथ ग्रहात तर फारच. शनी मीनेत गेला तो तिरुकणिताने २९ मार्च २०२५ ला आणि वाक्याने ६ मार्च २०२६ ला, जवळजवळ वर्षाचा फरक. आपल्याकडे टिळक पंचांग मानणारं घर आणि दाते मानणारं घर यांच्यात जे होतं तेच.

वेळेचं शेवटी. आपल्याला दुपारी साडेबाराचा नाहीतर संध्याकाळचा गोरज मुहूर्त चालतो. त्यांचा मुहूर्त सकाळचाच, सहा ते साडेदहाच्या मधला. रविवारी राहुकाळ साडेचार ते सहा, त्यामुळे रविवारची संध्याकाळ काढूच नका. सोमवारी राहुकाळ साडेसात ते नऊ, बुधवारी बारा ते दीड, गुरुवारी दीड ते तीन, शुक्रवारी साडेदहा ते बारा. बुधवारी साडेसात ते नऊ यमगंडम आहे तर नऊ ते साडेदहा घ्या, सोमवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारीही तेच. आणि रिसेप्शन त्यांच्याकडे बहुतेक आदल्या संध्याकाळीच होतं, म्हणजे मंडपम आदल्या दिवशी दुपारपासून तुमच्या ताब्यात असतो. पुण्याहून येणाऱ्यांची तिकिटं त्या हिशोबाने काढा, लग्नाच्या दिवशी सकाळच्या फ्लाइटने येतो म्हणणाऱ्या मामाला फक्त केळीच्या पानावरचं जेवण मिळेल.